गेमवाल्याच्या गल्ल्यातले पैसे

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत बाल आनंद मेळावा भरतो ना? आमच्याही शाळेत भरतो. धुळ्याहून मी रोज एस.टी.नं ज्या गावच्या शाळेत शिकवायला जाते, तिथल्या सातवीच्या मुलांनी यंदा तीन स्टॉल लावले होते. एक पोह्यांचा, एक भेळीचा आणि एक आपल्या खान्देशी भत्त्याचा. सगळं गाव जेवण सोडून आमच्या मैदानात आलं होतं म्हणा ना!

संध्याकाळी वर्गात गल्ला उपडा केला. चिल्लर, दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा, त्यात एक फाटकी. मोजले तर किती भरावेत? चक्क २,३४० रुपये!

आणि मग काय सांगू! पैसे कमावताना जी मुलं गुण्यागोविंदानं कांदा चिरत होती, तीच पैसे दिसल्यावर भांडायला लागली.

"मॅडम, क्रिकेटचं सामान घेऊ!"

"नको, सगळ्यांना आइस्क्रीम!"

"वाटून टाका मॅडम. आपण ३० जण. प्रत्येकाला ७८ रुपये!" गणितात कच्चा म्हणून नेहमी बोलणी खाणाऱ्या एका पठ्ठ्यानं हा भागाकार तोंडी केला, बरं का!

एवढ्यात मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. हा मुलगा एरवी गप्प असतो. घरी गेला की वडिलांच्या मोबाइलवर गेम खेळत बसतो, अशी त्याच्या आईची तक्रार. तो म्हणाला, "मॅडम, आपले तर एवढेसेच पैसे. पण तो गेम बनवणारा असतो ना, त्याच्याकडे तर कोटी-कोटी रुपये उरत असतील. इतला पैसास्नं तो काय करस?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच, गेमच्या कंपनीकडे पैसे उरले तर ती त्यांचं काय करते? आणि काय करायला हवं? मग मी शोधायला बसले. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

प्रकाशक म्हणजे कोण?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. गेम बनवणारा वेगळा आणि गेम बाजारात आणणारा वेगळा असू शकतो. अगदी पुस्तकासारखं.

आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहेत. लिहिता-वाचता न येणारी ही माउली शेतात, जात्यावर गाणी रचत गेली. १९५१ साली त्या वारल्या. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव यांनी जपून ठेवलेली ती गाणी आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. नाही तर तो खजिना चोपड्यांतच राहिला असता! गाणी बहिणाबाईंची, पण ती घराघरात पोहोचायला कागद, छपाई, खर्च आणि विश्वास टाकणारं कुणीतरी लागलंच ना? त्या कामाला म्हणतात प्रकाशन.

गेमचंही तसंच. चार-पाच पोरं एका खोलीत बसून दोन-तीन वर्षं गेम बनवतात. तोवर त्यांच्या जेवणाखाण्याचं काय? जाहिरात कोण करणार? तिथं प्रकाशक कंपनी पुढे येते. ती पैसे घालते, गेम जगभर विकते आणि कमाईतला वाटा घेते.

आपल्या पुण्याचंच उदाहरण बघा. 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाच्या छोट्या चमूनं 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' हा गेम बनवला. राजी नावाची एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघते, अशी त्याची गोष्ट. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवर लोकांकडे वर्गणी मागून पाहिली, पण ठरवलेली रक्कम काही जमली नाही. तरी त्यांनी हिंमत सोडली नाही. पुढं मदत मिळाली, प्रकाशक मिळाला आणि २०२० मध्ये गेम जगभर गेला. विचार करा, मधल्या काळात कुणी हात दिला नसता तर?

म्हणजे प्रकाशकाच्या गल्ल्यात पैसे उरतात, तेव्हा अशी कितीतरी पोरं कुठं कुठं वाट बघत बसलेली असतात.

कापूस विकला की

आता कंपनी राहू द्या, आपल्या घरात या. दिवाळीनंतर कापूस विकला जातो आणि घरात चार पैसे येतात. मग तुमचे आजोबा काय काय करतात? आठवा बरं.

पहिलं, कृषी केंद्राची आणि सोसायटीची उधारी फेडतात.

दुसरं, पुढच्या हंगामाच्या बियाण्याची तजवीज करतात.

तिसरं, अगदीच हात सैल असला तर शेजारचे दोन बिघे विकायला आलेत का, याची चौकशी करतात.

चौथं, घरात वाटतात. आईला लुगडं, पोरांना कपडे.

पाचवं, थोडं कणगीत ठेवतात. कणगीत दाणे आणि पोस्टात पैसे. कारण पुढच्या वर्षी पाऊस पडेलच, असं पावसानं काही लिहून दिलेलं नसतं!

मुलांनो, तुम्हाला नवल वाटेल, पण कोट्यवधी रुपयांच्या कंपनीपुढेही नेमक्या ह्याच पाच वाटा असतात. कर्ज फेडणं, नवा गेम बनवणं म्हणजे नवं बियाणं, दुसरी कंपनी विकत घेणं म्हणजे शेजारचं शेत, मालकांना म्हणजे भागधारकांना लाभांश वाटणं, आणि रक्कम राखून ठेवणं म्हणजे कणगी. सहावी वाट नाही. भांडण होतं ते फक्त कुठल्या वाटेनं किती जायचं, यावर.

मुंबईच्या पोराची कंपनी

मी चौथी-पाचवीत असताना, म्हणजे २००० सालच्या आसपास, धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत टीव्हीवर गेम खेळायला मिळायचे. तासाला पाच रुपये. माझा भाऊ खेळायचा आणि मी मागं उभी राहून नुसतं बघायची. बघायला पैसे पडत नसत ना!

त्याच सुमारास, १९९९ साली, मुंबईत नितीश मित्तरसैन नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणानं एक कंपनी काढली. तिचं नाव नजारा. पण लगेचच जगभर इंटरनेट कंपन्यांचे फुगे फुटले आणि सुरुवातीची काही वर्षं फार ओढाताणीची गेली. पुढं मोबाइल आले आणि मोबाइलवरच्या गेमनी कंपनीला हात दिला. तुमच्या लाडक्या छोटा भीमचे गेमही या कंपनीनं काढले.

हळूहळू पैसे उरायला लागले. मग कंपनीनं बहुतेक करून तिसरी वाट धरली. शेजारची शेतं घ्यायची! चेन्नईच्या एका कंपनीनं 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' हा गेम केला होता. २०१७-१८ च्या सुमारास नजारानं तिच्यात मोठा वाटा घेतला. २०१८ मध्ये गेमच्या स्पर्धा भरवणारी 'नॉडविन' कंपनी, २०१९ मध्ये खेळांच्या बातम्या देणारं 'स्पोर्ट्सकीडा'. त्याच वर्षी 'किडोपिया' हे छोट्या मुलांचं शिकता-खेळता येणारं अॅप बनवणारी कंपनी.

यातली एक गंमत लक्षात घ्या. नजारा बहुतेक वेळा पूर्ण कंपनी घेत नसे. निम्म्याहून थोडा जास्त वाटा घ्यायचा, बाकीचा मूळ मालकाकडेच ठेवायचा आणि कारभारही त्यालाच करू द्यायचा. आपल्याकडे शेत अर्धेलीनं देतात ना, काहीसं तसं. ज्यानं झाड लावलं त्याचा जीव त्या झाडात राहिला पाहिजे. नाही तर मालक बदलला की पाणी घालायला कोण उठणार?

किडोपियाचा हिशोब तर गणिताच्या तासाला घेण्यासारखा आहे. २०१९ मध्ये सुमारे अर्धा वाटा घेतला तेव्हा साधारण ८३ कोटी रुपये लागले. उरलेला जवळजवळ अर्धा वाटा घ्यायचं २०२४ मध्ये ठरलं, तेव्हा ३०० कोटी! झाड वाढलं की सावलीचीही किंमत वाढते, ती अशी.

मार्च २०२१ मध्ये नजाराचे शेअर बाजारात आले. एका शेअरची किंमत १,१०१ रुपये होती. "मग सगळे पैसे कंपनीला मिळाले असतील!" असं तुम्ही म्हणाल. तर नाही! त्या वेळी जुन्या भागधारकांनी आपापले शेअर विकले होते. त्यामुळे पैसे त्यांच्या खिशात गेले, कंपनीच्या गल्ल्यात नाही. पेपरात 'अमक्या कंपनीनं बाजारातून इतके कोटी उभारले' असं वाचलं, की 'पैसे नेमके कुणाला मिळाले?' हे विचारायला शिका. मोठी माणसंही हे विचारायला विसरतात, बरं का!

कंपनीच्या गल्ल्यात खरी रक्कम आली ती नंतर. २०२३ मध्ये एका मोठ्या म्युच्युअल फंडानं ४१० कोटी रुपये घातले, आणखी काही जणांनी घातले. आता हातात पैसे होते आणि पुढं नवी शेतं दिसत होती.

एक शेत बुडालं

इथून गोष्ट जरा गंभीर होते. नीट ऐका.

सप्टेंबर २०२४ मध्ये नजारानं आजवरचा आपला सगळ्यात मोठा डाव टाकला. पैसे लावून पत्ते खेळायचं 'पोकरबाझी' नावाचं एक व्यासपीठ होतं. ते चालवणाऱ्या कंपनीतला ४७.७ टक्के वाटा घ्यायचा आणि तिच्यात आणखी रक्कम घालायची असं ठरलं. एकूण आकडा ९८२ कोटी रुपये! किडोपियाला पहिल्यांदा दिलेल्या रकमेच्या जवळजवळ बारा पट.

तेव्हा हा धंदा देशभर बंद नव्हता आणि त्यात पैसा भरपूर होता. पण आभाळात ढग मात्र दिसत होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत लोकांनी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला होता. किती घरं या खेळांपायी बुडाली, याची चर्चाही चालू होती.

आणि मग ऑगस्ट २०२५ उजाडला. २० तारखेला लोकसभेनं आणि २१ तारखेला राज्यसभेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्यानं बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे न लावता खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धा यांना मात्र हरकत नाही, उलट प्रोत्साहनच.

तीन दिवसांत सगळं बदललं. पोकरबाझीनं पैशांचे खेळ थांबवले. नजाराचे शेअर धडाधड खाली आले. पुढं कंपनीनं आपल्या हिशोबात, या व्यवहारातले ९०० कोटींहून जास्त रुपये बुडाल्यात जमा धरले. एक वर्षसुद्धा झालं नव्हतं त्या खरेदीला!

नजारा बुडाली का? नाही. आणि याचं कारणच आपल्याला शिकायचं आहे. तिच्या हातात दुसरीही शेतं होती. २०२४ मध्ये तिनं इंग्लंडमधली 'फ्यूजबॉक्स गेम्स' ही कंपनी सुमारे २२८ कोटींना घेतली होती. २०२५ मध्ये तिथलीच 'कर्व्ह गेम्स' ही प्रकाशक कंपनी सुमारे २४७ कोटींना घेतली. या कर्व्हनं प्रसिद्ध केलेला 'ह्यूमन फॉल फ्लॅट' गेम तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. कणकेच्या बाहुल्यासारखा एक माणूस धडपडत, पडत, उठत कोडी सोडवतो. लिथुआनिया नावाच्या छोट्याशा देशातल्या एका माणसानं सुरू केलेला हा गेम. त्याच्या ५ कोटींहून जास्त प्रती गेल्या! त्यात ना पत्ते, ना पैज.

२०१७ साली आपल्याकडे कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती, ते घरी विचारा. ज्यांनी सगळ्या रानात कपाशीच लावली होती, ते रडले. ज्यांनी चार तास ज्वारी, तूर लावली होती, त्यांच्या घरात निदान भाकर होती. कंपनीचंही तसंच असतं.

मातीत पुरलेल्या कॅसेट आणि अर्धा पगार घेणारा साहेब

आता दोन गोष्टी परदेशातल्या.

अमेरिकेत अटारी नावाची कंपनी होती. १९८२ च्या सुमारास तिच्याकडे नुसता पैशांचा पूर होता. 'ई.टी.' नावाचा सिनेमा तेव्हा फार गाजला. त्यावर गेम काढायचे हक्क मिळवायला २ कोटी डॉलरहून जास्त मोजले गेले, असं सांगतात. पण नाताळच्या आत गेम दुकानात हवा म्हणून बनवणाऱ्याला वेळ किती दिला? जेमतेम पाच आठवडे! गेम इतका कंटाळवाणा झाला, की मुलांनी तोंड फिरवलं. लाखो कॅसेट पडून राहिल्या. १९८३ मध्ये कंपनीनं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ट्रकच्या ट्रक माल नेऊन पुरला. २०१४ मध्ये खोदकाम झालं तेव्हा त्या कॅसेट खरोखर निघाल्या. नावासाठी पैसा होता, पण कामासाठी वेळ दिला नाही. बियाणं महागाचं आणलं, पण जमीन नांगरलीच नाही!

दुसरी गोष्ट जपानची. क्योटो शहरात १८८९ साली निन्टेंडो नावाची कंपनी सुरू झाली. तेव्हा ती हातानं रंगवलेले पत्ते बनवायची. पुढं तीच मारिओवाली कंपनी झाली. २०१२ मध्ये तिनं 'वी यू' नावाचं खेळाचं यंत्र काढलं आणि ते साफ पडलं. आधीचं यंत्र १० कोटींहून जास्त गेलं होतं, हे दीड कोटीही गेलं नाही. दुसरी कंपनी असती तर निम्मी माणसं घरी पाठवली असती. पण निन्टेंडोची कणगी भरलेली होती. चांगल्या वर्षांत तिनं रक्कम राखून ठेवली होती. २०१४ मध्ये कंपनीचे प्रमुख सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार काही महिने अर्धा केला. माणसं मात्र राहिली आणि तीच माणसं पुढच्या यंत्रावर काम करत राहिली. २०१७ मध्ये 'स्विच' आलं. ते १५ कोटींहून जास्त विकलं गेलं.

"पैसे नुसते पडून आहेत, कामाला लावा!" असं लोक निन्टेंडोला नेहमी म्हणत. पण कणगीतले दाणे पडून नसतात, मुलांनो. ते वाट बघत असतात.

मग जास्तीचे पैसे कशात घालावेत?

मी काही शेअर बाजारातली तज्ज्ञ नाही. डी.एड. झालेली साधी शिक्षिका. पण मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उत्तर द्यायचं होतं, म्हणून वाचून, विचार करून मी हे ठरवलं. तुम्हाला पटतं का बघा.

पहिली गोष्ट, पैसे 'उरलेत' म्हणजे खरंच उरलेत का? उधारी फेडली का? पुढच्या एका वर्षाचे सगळ्यांचे पगार बाजूला ठेवले का? गेम पडला तरी दिवा लागेल एवढं कणगीत आहे का? एवढं झाल्यावर जे राहील, तेच खरं जास्तीचं.

दुसरी गोष्ट, त्यातला मोठा भाग नव्या बियाण्यावर घालावा. आणि एका मोठ्या गेमवर सगळा घालण्यापेक्षा पाच-सहा छोट्या चमूंवर. सगळेच उगवणार नाहीत. पण एखादा 'ह्यूमन फॉल फ्लॅट' उगवला तर साऱ्यांचा खर्च काढून देतो. आणि त्यांना वेळ द्यावा. पाच आठवडे नव्हे!

तिसरी गोष्ट, शेजारचं शेत जरूर घ्यावं, पण ज्यातली माती आपल्याला कळते तेच. जळगावच्या भवरलाल जैनांचं उदाहरण आपल्या घरचं आहे. १९६३ मध्ये ७,००० रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. १९७८ मध्ये त्यांनी केळीची पावडर बनवणारा एक जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. शेतीतली माती त्यांना कळत होती. म्हणून दुसऱ्यानं टाकलेला कारखाना त्यांच्या हातात बोलायला लागला. पण याच उद्योगाला पुढं देशोदेशी पसरताना कर्जाचं ओझंही फार झालं आणि ते हलकं करायला २०२३ मध्ये परदेशातला ठिबकचा धंदा दुसऱ्या कंपनीत विलीन करावा लागला. म्हणजे शेत घेणं चांगलं, पण कर्ज काढकाढून सारा शिवार घेणं जड जातं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्या धंद्यात समोरचा हरला तरच आपण जिंकतो, त्यात पैसा घालू नये. तो कितीही मोठा दिसला तरी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या गल्लीत एक बारावीचा मुलगा आहे. हुशार, नम्र. वडिलांच्या मोबाइलवर तो पैसे लावून खेळायला लागला. पहिल्या दिवशी तीनशे रुपये जिंकला. त्या तीनशेनं त्याला ओढलं. दोन आठवड्यांत बावीस हजार गेले. ते कापसाचे पैसे होते, मोठ्या बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले. एक दिवस तो संध्याकाळी घरी आलाच नाही. सारी गल्ली शोधायला निघाली. रात्री साडेअकराला तो पांझरेच्या काठी बसलेला सापडला. त्याचे वडील त्याला ओरडले नाहीत. नुसते शेजारी जाऊन बसले. "घरी चल, आई जेवली नाही," एवढंच म्हणाले. बहिणीची फी पुढं हप्त्यानं भरली गेली. तो मुलगा आज ठीक आहे. पण तो अर्धा तास, सापडण्याआधीचा, मी विसरू शकत नाही.

एखाद्या कंपनीच्या हिशोबात जो 'नफा' म्हणून लिहिलेला असतो, तो कधी कधी असा कुणाच्या तरी बहिणीच्या फीमधून आलेला असतो. म्हणून गल्ल्यातले पैसे कुठं घालायचे, हा नुसता हिशोबाचा प्रश्न नाही. आणि गंमत बघा, नजाराच्या गोष्टीत हिशोबानंही शेवटी तेच सांगितलं. छोट्या मुलांना शिकवणारं अॅप टिकलं, धडपडणारा बाहुला टिकला, आणि पैजेवरचे ९०० कोटी गेले.

तुमच्यापैकी कुणी, किंवा घरातलं कुणी, अशा खेळात अडकलं असेल, तर लपवू नका. आई-वडिलांना, शिक्षकांना सांगा. बोलणी बसतील, बसू द्या. बोलणी खाऊन पोट दुखत नाही!

आमच्या गल्ल्याचं काय झालं?

हे सगळं मी वर्गात सांगितलं. मग एक मुलगी हळूच उठली आणि म्हणाली, "मॅडम, किराणावाल्या काकांचे तेलाचे ३४० रुपये द्यायचे राहिलेत." सगळे चिडीचूप! म्हणजे आमचे २,३४० नव्हतेच, २,००० होते.

मग फळ्यावर पाच रकाने आखले आणि मुलांनीच ठरवलं. ३४० काकांची उधारी. ८०० पुढच्या मेळाव्याच्या भांडवलासाठी शाळेच्या बचत बँकेत. ७०० ची बॅट आणि चेंडू. २०० चा भत्ता, लगेच, सगळ्यांना! राहिले ३००. ते कुणाला मिळाले, सांगू?

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आणि त्याच्या तीन मित्रांना. त्यांना पुठ्ठ्यावर एक खेळ बनवायचा आहे. लळिंगच्या किल्ल्यावर चढायचं, वाटेत साप, माकडं, पाण्याचं टाकं असं काय काय. सोंगट्या, फासे, रंग, पुठ्ठा. पुढच्या मेळाव्यात ते तो विकणार आहेत. वर्ग त्यांचा प्रकाशक!

खेळ चालेल की नाही? कोण जाणे. पण त्यांना मी घाई करणार नाही. वर्षभर वेळ दिला आहे.

आता तुमची पाळी. समजा, तुमची एक गेम कंपनी आहे आणि उधारी फेडून तिच्याकडे १०० कोटी रुपये उरले आहेत. वहीत चार रकाने आखा : नवं बियाणं, शेजारचं शेत, मालकांना वाटा, कणगी. प्रत्येकात किती घालाल? आणि का? घरी आजोबांना दाखवा. बघा ते काय म्हणतात!